परत येण्याचा पुरावा

४ मार्च

सकाळी साडेसहाला मेल उघडलं आणि दोन वर्षं थिजलेलं रक्त पुन्हा वाहायला लागलं. देशाने बोलावलंय! २२ मेपासून पात्रता स्पर्धा, पाच सामने, संभाव्य चौदा जणांत माझं नाव तिसरं. (यादी अकारविल्हे नाही. दोनदा तपासलं.)

तडक स्वयंपाकघरात जाऊन प्रणिताला सांगितलं, "देशाचं बोलावणं आलंय."

ती निवीचा डबा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठल्या देशाचं?"

"आमच्या."

"आमच्या म्हणजे कुठल्या हो?"

चौदा आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या माणसाला घरात हे ऐकावं लागतं! पुढेमागे कुणी चरित्र लिहायला घेतलं तर संदर्भ असावा म्हणून सगळं इथे नीट नोंदवून ठेवतो.

मी संग्राम. मूळ निपाणीचा, वय अडतीस, राहणार मारतहळ्ळी, बेंगळुरू. पोटासाठी सॉफ्टवेअर तपासतो, पिंडाने उजव्या हाताचा जलद-मध्यमगती गोलंदाज. २०१९ साली कंपनीने मला सहा महिन्यांसाठी युरोपातल्या एका थंड देशात पाठवलं. देशाचं नाव लिहीत नाही, कारण ते सांगितलं की लोक शेजारच्या देशाबद्दल बोलायला लागतात आणि चॉकलेटवर येऊन थांबतात. तिथली लोकसंख्या आपल्या बेळगाव जिल्ह्याएवढी भरत नाही आणि क्रिकेट खेळणारे सगळे मिळून एका सिटी बसमध्ये मावतील. पण त्याच वर्षापासून सगळ्या देशांच्या वीस षटकांच्या सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, त्याला मी काय करणार? तीन वर्षं सलग राहिलं की त्या देशाकडून खेळता येतं. योगायोगाने आमचं प्रोजेक्टही लांबत लांबत गेलं. मध्ये कोरोना आला. चार वर्षं राहिलो, शेवटच्या वर्षात चौदा सामने खेळलो आणि एकोणीस बळी घेतले. निवीचा जन्म त्याच काळातला. रजेवर इकडे येऊन तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती आठ महिन्यांची होती, आणि मला बघून तिने असं भोकाड पसरलं की प्रणिताची आई धावत आली.

७ मार्च

मेलच्या तळाशी एक अट होती, ती आज दिसली. कोचना व्हिडिओ हवाय. सहा चेंडू, बाजूला वेग दाखवणारं यंत्र, आणि त्यातला निदान एक चेंडू ताशी ११५ किलोमीटरचा.

आमचे कोच व्यवसायाने दंतवैद्य आहेत. माणूस अत्यंत शिस्तीचा. संघात बांगलादेशातल्या सिल्हेटचे दोघे हॉटेलवाले, हैदराबादचे तिघे संगणकवाले, श्रीलंकेचा एक परिचारक आणि एक अस्सल स्थानिक, जो यष्टिरक्षक आहे कारण त्याला चेंडूची भीती वाटत नाही असं तो स्वतःच म्हणतो. राष्ट्रगीत मात्र संघात फक्त मलाच पाठ आहे. देवनागरीत लिहून घेतलं होतं. तो स्थानिक गडी दुसऱ्या कडव्याला माझ्या ओठांकडे बघतो.

यंत्राचं काम आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मल्हारराव करणार. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी आलेल्या मराठी घराण्यातले. मराठी बोलतात तेव्हा निम्मं कानडी असतं आणि कानडी बोलतात तेव्हा दुकानदार म्हणतो, तुम्ही मराठी का? आयुष्यभर यशवंतपूरला मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होते. रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग मोजायचं एक यंत्र त्यांच्या घरी पडून आहे. म्हणाले, "हे रिंग रोडवर लावून बघितलं होतं आम्ही. तीन दिवस आकडाच चढेना. सगळे म्हणाले यंत्र बिघडलंय. यंत्र बरोबर होतं, रस्ता तसा होता."

९ मार्च

पार्किंगच्या वरच्या गच्चीवर सराव. प्रणिताला बॅट घेऊन उभं केलं, कारण दुसरं कुणी मिळालं नाही. निवी यंत्राशेजारी आकडे वाचायला.

१०१. १०३. ९८. १०४.

निवी प्रत्येक आकड्यानंतर टाळ्या वाजवत होती. पहिलीतल्या पोरीला शंभराच्या पुढचं सगळंच मोठं वाटतं. अण्णा म्हणाले, "स्वल्प कमी येतंय की." मी म्हटलं, बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, त्यात पाण्याचा टँकर सारखा रिव्हर्स घेतोय, लय मोडते. अण्णा "सरी, सरी" म्हणाले, म्हणजे बरं, बरं. सभ्य माणूस.

१६ मार्च

झालं! ११८!

पाचव्या चेंडूला. तो प्रणिताने सरळ माझ्या डोक्यावरून मारला हे खरं, आणि यंत्राने जो आकडा पकडला तो चेंडू येतानाचा की जातानाचा यावर अण्णांनी उगाच काथ्याकूट केला. "यंत्राला येणारा-जाणारा कळत नाही," असं ते म्हणाले. मग मी तरी कशाला ठरवू? व्हिडिओ चेंडू सुटल्यावर आणि फटका बसायच्या आधी कापला, आकडा शेजारी चिकटवला आणि पाठवून दिला.

प्रणिता बॅट भिंतीला टेकवून म्हणाली, "पुढच्या वेळी मलाच पाठवा."

विनोदबुद्धी तिच्या माहेरचीच आहे.

२ एप्रिल

अंतिम संघ जाहीर. माझी निवड झाली! चौदापैकी तिघांना रजा मिळाली नाही. निवड समितीने उरलेल्या अकरांवर पूर्ण विश्वास दाखवलाय.

५ एप्रिल

सोसायटीत सत्कार झाला. शाल, मैसूरु पाक आणि म्हैसुरी पेटा, म्हणजे तिकडची पगडी. अण्णांनी भाषणात "आपले आंतरराष्ट्रीय खेळाडू" एवढंच सांगितलं आणि लोकांनी पुढचं आपल्या मनाने भरून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, ड्रेसिंग रूममध्ये कर्णधार रागावतो का हो? मी म्हटलं, रागावतो. आमचा कर्णधार खरोखरच रागावतो, त्याच्या हॉटेलात शनिवारी गर्दी असते. मी एक अक्षर खोटं बोललो नाही.

प्रणिता सत्काराला उशिरा आली. तिच्या लॅबमध्ये रविवारी रक्त तपासायला येणाऱ्यांची रांग असते. मागे उभी होती, मग निवीला घेऊन वर गेली.

८ एप्रिल

व्हिसाचा अर्ज. स्वतःच्या देशाकडून खेळायला स्वतःच्या देशाचा व्हिसा लागावा, हा विनोद माझ्याशिवाय कुणाला समजत नाही.

कंपनीचं रजेचं पत्र मंजुनाथकडून आणलं. मंजुनाथ आमचा मॅनेजर. तेव्हा तो इकडून ते प्रोजेक्ट बघायचा. सही करताना म्हणाला, "संग्राम, या वेळी परतीची तारीख तुझ्या हाताने लिही हां." आणि हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तारीख लिहिली.

सोबत हेतुपत्र जोडायचं असतं. लोक तिथे दोन ओळी खरडतात, मी दोन पानं लिहिली. "आपला देश हीच माझी खरी कर्मभूमी. ती जर्सी अंगावर चढली की मी माझा राहत नाही. आपलं राष्ट्रगीत सुरू झालं की डोळे भरून येतात. दोन वर्षं मी इथे आहे, पण मन तिथेच आहे. या मातीशी माझं नातं अतूट आहे." अर्ज तपासणारा अधिकारी तिथलाच असणार, वाचून त्याचाही ऊर भरून येईल.

प्रणिताला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "यात आम्ही कुठं आहोत?"

म्हटलं, फॉर्ममध्ये 'विवाहित' वर टिक केलीय की.

२४ एप्रिल

नाकारला.

कारण छापील आहे: "आपण भारतात परत जाल अशी खात्री पटत नाही." खाली कुणीतरी पेनाने लिहिलंय, "हेतुपत्र पाहावे."

अरे, कुणाचं हेतुपत्र? माझंच ना! माणसाने देशावर जीव ओवाळून टाकावा आणि देशाने म्हणावं, एवढं प्रेम असेल तर येऊच नकोस? मी दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी जेवलो.

२६ एप्रिल

व्हिसा केंद्रातल्या मुलीने समजावून सांगितलं. अपील करता येतं, ७ मेच्या संध्याकाळी पाचपर्यंत. "सर, प्रेम नका दाखवू. बंध दाखवा. इथं तुम्हाला काय बांधून ठेवतं ते कागदावर आणा."

सोपं आहे. मला इथे काय बांधून ठेवत नाही? सगळंच ठेवतं.

३० एप्रिल

चार दिवस कागद शोधतोय. घराचा भाडेकरार प्रणिताच्या नावावर, कारण घर घेतलं तेव्हा मी नव्हतो. गॅस तिच्या नावावर. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. माझं मतदान निपाणीला, आणि आधारवर अजून पुण्याच्या त्या खोलीचा पत्ता आहे जिथे मी लग्नाआधी पाच जणांत राहायचो. बेंगळुरूत माझ्या नावावर एकच गोष्ट निघाली, वाचनालयाचं कार्ड, तेही मुदत संपलेलं.

आज निवीच्या शाळेत गेलो. मुलगी इथे शिकते असा दाखला मागितला. कारकून बाईंनी रजिस्टर उघडलं. वडिलांच्या नावापुढे 'परदेशी' लिहिलेलं. तातडीच्या वेळी कुणाला बोलवायचं, त्या रकान्यात पहिलं नाव प्रणिता आणि दुसरं मल्हारराव, शेजारी.

मी म्हटलं, "अहो बाई, मी दोन वर्षांपूर्वी परत आलोय."

त्या म्हणाल्या, "आम्हाला कुणी सांगितलं नाही."

काय हा गलथान कारभार! अण्णांना विचारलं तर ते अवघडले. म्हणाले, "बाळ दीड वर्षाची होती तेव्हा तापात तिला झटका आला की. रिक्षा मिळेना. मी आणि प्रणिताक्का उचलून पळालो. तेव्हापासून माझा नंबर सगळीकडे आहे. तुम्ही बदलून घ्या, मला काय."

मला हे माहीत नव्हतं. तारीख विचारली. अण्णांना लख्ख आठवत होती. मी ती माझ्या जुन्या नोंदींत शोधली. त्या दिवशी मी लिहिलंय, "सराव उत्तम. आउटस्विंग सापडला."

मला प्रणिताने फोनवर सांगायला हवं होतं. कदाचित सांगितलंही असेल. तिकडे मैदानावर रेंज नसायची.

३ मे

केंद्रातली मुलगी म्हणते, बाकी कागद कमी असतील तर पत्नीचं हमीपत्र जोडा. पती नक्की परत येतील, असं.

प्रणिताला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती. "लिहिते," म्हणाली. "पण माझ्या शब्दांत."

म्हटलं, लिही की, तुझ्या शब्दांत लिही. तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा बरंच आहे. मुळात तिने काही हट्ट धरला नाही, हेच विशेष. बायको समजूतदार मिळायलाही नशीब लागतं.

७ मे

दुपारी साडेतीनला प्रणिताने लॅबमधून पत्र पाठवलं. सही करून, स्कॅन करून. जोडण्याआधी व्याकरण तपासावं म्हणून उघडलं. मराठीत उतरवून ठेवतो.

"मी प्रणिता, संग्राम यांची पत्नी. माझे पती २०१९ साली सहा महिन्यांसाठी तुमच्या देशात आले आणि चार वर्षं दोन महिने राहिले. प्रत्येक वेळी त्यांनी मला प्रोजेक्ट वाढलं असं कळवलं. कंपनीने त्यांना तीनदा परत बोलावलं होतं आणि तिन्ही वेळा त्यांनी स्वतः मुदत वाढवून मागितली, हे मला त्यांच्या मॅनेजरच्या बायकोकडून कळलं. त्यांना खेळायला तीन वर्षं पूर्ण करायची होती. त्यामुळे ते नक्की परत येतील अशी हमी मी देऊ शकत नाही. त्यांनी यावं असं मला आणि आमच्या मुलीला वाटतं, एवढं मी खात्रीने सांगते."

मी ते तीनदा वाचलं.

फोन केला. "तुला कधी कळलं हे?"

"तुम्ही आलात त्याच महिन्यात."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते." मागे कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. "हे पत्र नको असेल तर दुसरं पाठवते. काय लिहू ते सांगा. तुम्ही सांगाल तसं लिहिते, सही करते."

"लिही," मी म्हटलं. "लिही की माझे पती नक्की परत येतील, कारण..."

"हं. कारण?"

मी तिथेच अडकलो. माझी नोकरी म्हणावं, तर नोकरी तेव्हाही होती. मुलगी म्हणावं, तर ती तेव्हाही होती. तू म्हणावं, तर... ती फोन धरून थांबली होती. मी तिला जे जे सांगू शकत होतो ते सगळं तेव्हाही होतं, आणि मी आलो नव्हतो. गेल्या दोन महिन्यांत मी या डायरीतसुद्धा 'योगायोगाने' लिहिलंय. ही डायरी तर कुणी वाचत नाही! मग इथे कुणाला फसवत होतो?

तिकडे मला सगळे 'सॅम' म्हणायचे. मी धावत यायला लागलो की स्लिपमधला परिचारक ओरडायचा, "कम ऑन सॅम!" आयुष्यात माझ्यासाठी कुणी असं ओरडलं नव्हतं. निपाणीच्या शाळेच्या संघात मी बारावा होतो. पाण्याच्या बाटल्या द्यायचो. खरं कारण एवढंच आहे, आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

"पेशंट आलाय," प्रणिता म्हणाली आणि फोन ठेवला.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. तिचंच पत्र जोडलं, जसंच्या तसं, आणि पाठवून दिलं. आता कसला व्हिसा मिळतोय! संपलं क्रिकेट. रडलो थोडा. निवी शाळेच्या बसमधून उतरायची वेळ झाली म्हणून तोंड धुऊन खाली गेलो.

११ मे

तीन दिवस घरात कुणी त्या पत्राचा विषय काढला नाही. ती लॅबला, मी ऑफिसला. काल मी "चुकलं माझं" म्हणालो. ती मटकी निवडत होती. "किती दिवस लागले म्हणायला," एवढंच म्हणाली, पण ताटात दुसरी पोळी विचारून वाढली.

शाळेत जाऊन रजिस्टर दुरुस्त करून आलो. कारकून बाईंनी 'परदेशी' वर काट मारली आणि माझा नंबर लिहिला. अण्णांचाही राहू द्या म्हटलं.

१६ मे

दुपारी पासपोर्टचं पाकीट आलं. मी मीटिंगमध्ये होतो, प्रणिताची आज सुट्टी, कुरियरवाल्याने ओटीपी तिच्याकडूनच घेतला. तिने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि गॅलरीत कपडे काढायला गेली. पाकिटाची एक कड उचकटलेली होती. हल्ली कुरियरवाले धड चिकटवतसुद्धा नाहीत.

उघडलं. व्हिसा! शिक्का, फोटो, सगळं. २० मे ते १० जून. तिकडच्या कुठल्या महाभागाने तिचं पत्र वाचून व्हिसा दिला देव जाणे. बहुधा वाचलंच नाही. किंवा वाचलं, आणि त्याला वाटलं असेल की ज्याची बायको इतकं खरं लिहिते तो माणूस झक मारत परत जाईल.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून खोलीच्या खोलीत चार पावलं धावलो. खरंच धावलो, हात वर करून. मग गॅलरीतून निवीचा आवाज आला. आई, हा फ्रॉक अजून ओला आहे. प्रणिता म्हणाली, राहू दे, उद्या काढू.

इतके दिवस मला नाकारायला कुणी ना कुणी होतं. व्हिसा अधिकारी होता, कंपनी होती, प्रणिता होती. आता फक्त मीच उरलो होतो. फार अवघड वाटलं. कॉम्प्युटरपुढे बसून कोचना लिहिलं, घरगुती कारणामुळे येऊ शकत नाही, क्षमस्व. तीन वर्षं ज्या जर्सीसाठी घरादाराला फसवलं ती एका ओळीत सोडली. उत्तर दोन मिनिटांत आलं. "काळजी नको सॅम. कर्णधाराचा मेहुणा गेल्या महिन्यात तीन वर्षं पूर्ण करून बसलाय."

मेहुणा! त्याला धड रनअपसुद्धा नाही. जाऊ दे.

प्रणिता कपड्यांचा ढीग घेऊन आत आली. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"काय झालं?" म्हणाली.

"नाकारला," मी म्हटलं.

खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जा. आणि मी गेलो असतो. म्हणून खोटं बोललो. हे शेवटचं.

तिने कपड्यांचा ढीग खाली ठेवला. मग म्हणाली, "अरेरे. वाईट झालं." आवाज जरा घोगरा वाटला, तिला गॅलरीतल्या धुळीचा त्रास आहे. "तुम्हाला फार वाईट वाटतंय का?"

"वाटतंय," मी म्हटलं. हे खरं होतं.

तिने टेबलावरचा पासपोर्ट उचलला, न उघडताच आत नेऊन तिच्या कपाटात ठेवला आणि कपाटाला किल्ली लावली. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. उघडला असता तर? मग काही सणवार नसताना तिने सांजा केला, वर भरपूर काजू घालून, आणि निवीला म्हणाली, पप्पांना पहिली वाटी दे. निवीने ती दोन्ही हातांनी धरून आणली. मी तीन वाट्या खाल्ल्या. प्रणिता माझ्या समोर बसून बघत होती आणि मधेच तिने पदराने डोळे पुसले.

फार जपून वागलो आज. या वेळी मात्र तिला काही कळलं नाही.